पाच वॅट आणि इंदूरचं आभाळ

2020 च्या ऑक्टोबरात मी सुदामानगरातल्या आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून बांबूपर्यंत तांब्याची तार ताणली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंनी मास्क सावरत कठड्यापलीकडून विचारलं, ‘‘अरे, ह्या तारेतून खाली काही येत तर नाही ना? मोबाइलवर आलंय, लहरींनी कोरोना पसरतो म्हणून.’’ घरात त्यांचे पंच्याहत्तरीचे यजमान. त्या वर्षीचा उन्हाळा इंदूरनं फार वाईट काढला होता. काकूंची भीती खरी होती, म्हणून उभ्याउभ्या जमेल तेवढं सांगितलं. पण पूर्ण उत्तर थोडं लांबीचं आहे.

आधी तारेबद्दल. वीस मीटर तार, मधोमध केबल, खाली टेबलावर डब्याएवढा रेडिओ आणि 12 व्होल्टची बॅटरी. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचा, परवाना असलेले लोक अशाच संचावर एकमेकांशी बोलतात. माझ्या संचातून बाहेर पडणारी पॉवर 5 वॅट. आपल्या देवघरात पूर्वी जो झिरोचा बल्ब असायचा, तोसुद्धा बारा-पंधरा वॅट खायचा. एवढ्या कमी पॉवरवर बोलण्याला हॅम मंडळी ‘क्यूआरपी’ म्हणतात. तारयंत्राच्या सांकेतिक भाषेत प्रश्न म्हणून विचारलं, तर त्याचा अर्थ ‘पॉवर कमी करू का?’ हैदराबादच्या अशहर फरहान यांनी अशा कामासाठी ‘बिटएक्स’ नावाचा संच रचला. त्याच्या मूळ आराखड्यात महागड्या चुंबकीय कड्यांऐवजी नळाच्या वायसरवर तार गुंडाळून कॉइल केलेली होती. नळदुरुस्तीच्या दुकानात मिळणारा तोच वायसर!

लांब पोचायचं तर पॉवर जास्त हवी, हा समज फार पक्का आहे. ऐकणाऱ्याच्या रेडिओवर आलेल्या लहरीचा जोर दाखवणारा एस-मीटर असतो आणि त्याचं एकेक घर म्हणजे पॉवरमध्ये चौपट फरक. 100 वॅटची चौथाई 25, पंचविसाची चौथाई सव्वासहा. म्हणजे शंभरावरून जवळपास पाचावर आलो, तरी काटा दोनच घरं खाली येतो, थोडा जास्त. आवाज ऐकू येणार की नाही, हे बहुतेक वेळा आभाळ ठरवतं.

आणि इंदूरचं आभाळ खास आहे. हे शाळेत कुणी सांगितलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

जमिनीपासून साधारण 250 ते 400 किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते, की सूर्याच्या अतिनील किरणांनी अणूंपासून तोडलेले इलेक्ट्रॉन बराच वेळ मोकळे राहतात. हा आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, एफ थर. रेडिओलहर तिथे शिरली की हे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर डोलतात आणि डोलताना स्वतःही लहर सोडतात. सगळ्यांच्या लहरी मिळून मूळ लहर वाकते, आणि इलेक्ट्रॉन पुरेसे असले तर सरळ खाली परतते. पुरेसे म्हणजे किती? घन सेंटीमीटरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, नवानं गुणा. उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. उभ्या गेलेल्या लहरीपैकी त्याहून कमी वारंवारतेची परत येते, जास्तीची अवकाशात निघून जाते. आम्ही बोलतो 7.1 मेगाहर्ट्झवर, त्यासाठी घन सेंटीमीटरला सव्वासहा लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉन लागतात. लहर तिरकी गेली तर कमी इलेक्ट्रॉनांतही भागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपलं मन म्हणेल, सूर्य विषुववृत्तावर सर्वांत डोक्यावर येतो, तेव्हा इलेक्ट्रॉनही तिथेच सर्वांत जास्त असणार. तसं नाही. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. केरळमधलं थुंबा त्याच्या जवळ आहे, म्हणून तर 21 नोव्हेंबर 1963 ला आपलं पहिलं संशोधन-रॉकेट तिथून उडालं. त्या रेषेवर चुंबकीय बलरेषा जमिनीला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे धावतात. दिवसा शंभरेक किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे रोखलेलं विद्युतक्षेत्र तयार होतं. पूर्वेकडे विद्युतक्षेत्र, उत्तरेकडे चुंबकीय क्षेत्र; दोन्ही एकत्र आले की इलेक्ट्रॉन आणि आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) दोघेही वर ढकलले जातात. उजव्या हाताची बोटं पूर्वेकडून उत्तरेकडे वळवा, अंगठा आभाळाकडे जाईल.

हा विद्युतभारित वायू खूप वर चढतो आणि मग स्वतःच्या वजनानं व दाबानं कमानीसारख्या बलरेषांवरून दोन्ही बाजूंना घसरतो, कारंज्याचं पाणी मधून उसळून दोन बाजूंना पडावं तसा. विषुववृत्तावर खळगा राहतो आणि चुंबकीय अक्षांश 15 अंशांच्या आसपास, उत्तरेला व दक्षिणेला, इलेक्ट्रॉनांचे ढीग साचतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅपल्टन यांनी 1946 मध्ये ही विसंगती दाखवली. बलरेषांवरून घसरण्याची कल्पना त्याच सुमारास कलकत्त्याचे भौतिकशास्त्रज्ञ शिशिरकुमार मित्र यांनी मांडली. उत्तरेकडच्या ढिगाचा पट्टा अहमदाबाद, इंदूर, भोपाळवरून कलकत्त्याकडे जातो. म्हणजे केरळच्या आभाळात उसळलेलं कारंजं पडतं ते आपल्या माळव्यावर.

शरदात ह्या कारंज्याला जोर असतो, कारण विषुवदिनाच्या सुमारास दोन्ही गोलार्धांवर सूर्य सारखा असतो. 2020 मध्ये मात्र सूर्य नुकताच त्याच्या अकरा वर्षांच्या चक्राच्या तळाशी होता. पंचविसावं चक्र डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं, असं त्या सप्टेंबरात जाहीर झालं. अशा वर्षी ढीग आटतो आणि थोडा दक्षिणेला सरकतो, जास्त वारंवारतेचे बँड मुके होतात. तरी 7 मेगाहर्ट्झ दुपारी छान चालायचा.

काकूंना सांगितलं ते असं. लहर शरीरातले रेणू तोडू शकते की नाही, हे पाहताना तिच्या एकेका कणाची ऊर्जा बघायची. दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात माझ्या लहरीच्या कणापेक्षा सात-आठ कोटी पट जास्त ऊर्जा असते. चांदणंसुद्धा प्रकाशच, त्यानं कुणाला काही होत नाही. विषाणू श्वासातून, खोकल्यातून, बंद खोलीच्या हवेतून जातो. तारेतून किंवा टॉवरवरून नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लोकांनी ह्या अफवेपायी मोबाइलचे टॉवर जाळले, आणि साथीत माणसांना फोनचीच सर्वांत जास्त गरज होती. चांदण्यात ठेवलेलं दूध औषधी होतं, हाही असाच ऐकीव समज. चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच. दूध मात्र केशर घालून जरूर प्यावं.

त्या वर्षी अधिक आश्विनामुळे पुढचे सगळे सण महिनाभर लांबले आणि कोजागरी 30 ऑक्टोबरला आली. एरवी गल्लीचं एकच पातेलं असतं. त्या रात्री ज्याचं दूध त्याच्या गच्चीवर. काकूंनी कठड्यावर झाकलेला पेला ठेवला, दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, ‘‘बोल बाबा तुझ्या आभाळाशी, मी ऐकते.’’

आठ वाजता 55 किलोमीटरवरच्या उज्जैनच्या एका हॅमचा आवाज स्वच्छ होता. त्यांच्या घरी दोघं तापातून उठले होते, दोघंही जेवत होते. सूर्य मावळला की नवे इलेक्ट्रॉन तयार होत नाहीत, जुने आयनांना मिळत जातात. साडेनऊला संख्या सव्वासहा लाखांच्या खाली गेली असावी, कारण उज्जैन लाटेसारखं वरखाली झालं आणि बुडालं. उज्जैनला जाणारी लहर जवळजवळ उभी, ती आता परतत नव्हती. पण 375 किलोमीटरवरच्या नागपूरची लहर तिरकी. खरखरीतून एक आजोबा स्पष्ट आले. माझ्या आवाजाची स्पष्टता आणि जोर त्यांनी आकड्यांत सांगितला.

‘‘इंदूर, पाच-पाच. पॉवर किती?’’

‘‘पाच वॅट, आजोबा.’’

‘‘उज्जैनवाल्यांचं काय? मला ते अजून येऊन राहिले.’’

मला उज्जैन ऐकू येत नव्हतं, त्यांना येत होतं. माझा निरोप त्यांनी उज्जैनला दिला, उज्जैनचा मला: दोघं झोपले, ताप नाही. कठड्यापलीकडे काकू आत वळल्या आणि यजमानांना हेच मोठ्यानं सांगू लागल्या.