क्वार्टरबॅक आधी बसवावा की लगेच उतरवावा?

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. दर एप्रिलमध्ये तिचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने कॉलेजचे खेळाडू निवडणं, झाला की तोच वाद नव्याने सुरू होतो. कॉलेजातून आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाई चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या गड्याला, लगेच मैदानात उतरवायचं, की वर्षभर बेंचवर बसवून शिकू द्यायचं? आपल्याकडे पोराला विहिरीत ढकलून पोहायला शिकवायचे, तसाच हा प्रकार. पण ढकलण्याआधी त्याच्या पाठीला भोपळा बांधलेला असायचा. अमेरिकेत तो बांधायचं बरेचदा राहून गेलं.

जुन्या काळी घाई कमी होती. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी १९७९ साली ८२व्या क्रमांकावर जो मोंटाना निवडला. पहिल्या हंगामात त्याने सगळे मिळून २३ पास टाकले. दुसऱ्या वर्षी वॉल्श त्याला स्टीव्ह डीबर्गच्या जागी अधूनमधून, परिस्थिती अनुकूल बघून उतरवत. तिसऱ्या वर्षी संघ त्याच्या हाती आला आणि त्याच हंगामाअखेर त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

याच्या अगदी उलट टोकाला डेव्हिड कार. २००२ साली नव्याने उभ्या राहिलेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने त्याला ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी उचललं. डावा टॅकल म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ राखणारा गडी. त्या जागेसाठी घेतलेला टोनी बोसेली खांद्याच्या दुखापतींमुळे ह्यूस्टनकडून एकही सामना खेळू शकला नाही. कारला त्या हंगामात ७६ वेळा चेंडू हातात असतानाच पाडलं गेलं. हा विक्रम अजून तुटलेला नाही. सतत मार खाणारा क्वार्टरबॅक पुढे पाहायचं सोडून अंगावर येणाऱ्यांकडे पाहू लागतो, आणि एकदा ही सवय जडली की सुटता सुटत नाही. २००७ मध्ये ह्यूस्टनने त्याला सोडून दिलं.

ॲलेक्स स्मिथचं दुखणं वेगळं. २००५ साली तोही पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या पाच वर्षांत त्याला पाच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे चढाईची आखणी करणारे प्रशिक्षक, मिळाले. बाहेरून बघताना याचं गांभीर्य कळत नाही. कोऑर्डिनेटर बदलला की खेळी तीच असली तरी तिचं नाव बदलतं. एका खेळीत फळी कशी उभी राहणार, अडवणूक कोण कोणाची करणार आणि कोणता रिसीव्हर (पास झेलणारा) कुठे वळणार, हे सगळं सांकेतिक शब्दांत सांगितलेलं असतं. १९९४पासून प्रशिक्षकाला ते क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर सांगता येतं, पण खेळी सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद. मग ती ओळ दहा जणांना न अडखळता म्हणून दाखवायची आणि समोरचा बचाव वाचायचा. स्मिथने ही भाषा दरवर्षी पुसून नव्याने गिरवली. २०११ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून जिम हार्बॉ आले आणि त्याच 'वाया गेलेल्या' स्मिथच्या संघाने १३ सामने जिंकले, ३ हरले.

२०११ हेच वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं. आदल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. खेळाडू संघटनेशी झालेल्या नव्या करारानंतर पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळाले सुमारे २ कोटी २० लाख. नवा क्वार्टरबॅक स्वस्त झाला, उरलेला पैसा त्याच्याभोवती चांगली माणसं जमवायला मोकळा झाला. पण तो चार-पाच वर्षंच स्वस्त, म्हणून पहिल्या दिवसापासून वसुलीची घाई. शिवाय त्याच कराराने पॅड घालून दिवसातून दोनदा सराव घ्यायला बंदी आणली आणि हंगामाबाहेरचे सरावाचे आठवडेही कमी केले. खेळाडूंच्या शरीरासाठी ते योग्यच होतं. शिकाऊ क्वार्टरबॅकचा वेळ मात्र त्यात गेला.

कॅन्सस सिटीने २०१७ साली पॅट्रिक महोम्सला दहाव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक होता हाच ॲलेक्स स्मिथ. वर्षभर महोम्स त्याच्या मागे बसला, खेळला एकच सामना, तोही शेवटचा. स्मिथची तयारी कशी असते हे त्याने जवळून पाहिलं आणि त्याचं श्रेय तो उघडपणे देतो. पुढच्या हंगामात त्याच्या पासवर ५० टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे गुण, नोंदले गेले. अर्थात नुसतं बसून कोणी महोम्स होत नाही.

मला जास्त शिकवणारं उदाहरण वाटतं ते बफलोच्या जॉश ॲलनचं, कारण तो बसलाच नाही. २०१८ मध्ये त्याचे ५२.८ टक्के पासच पोचले होते. बफलोने कोऑर्डिनेटर ब्रायन डेबोल यांना बदललं नाही. २०१९ मध्ये नवा सेंटर (फळीच्या मधोमध उभा राहून क्वार्टरबॅककडे चेंडू देणारा) आणि दोन भरवशाचे रिसीव्हर आणले, आकडा ५८.८ वर गेला. मार्च २०२० मध्ये ड्राफ्टचा पहिल्या फेरीतला हक्क देऊन रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आणला, आणि त्या हंगामात आकडा ६९.२. मधल्या काळात ॲलनने फेकताना पाय आणि कंबर कशी वळते यावर स्वतंत्रपणे मेहनत घेतली होती, हेही खरं.

एवढं सगळं समोर असूनही कॅरोलायनाने २०२३ मध्ये ब्राइस यंगसाठी पहिला क्रमांक मिळवताना आपला सर्वोत्तम रिसीव्हर डीजे मूर शिकागोला देऊन टाकला. यंग ६२ वेळा पाडला गेला, प्रशिक्षक फ्रँक राइक ११ सामन्यांत घरी गेले. २०२४ मध्ये नव्या प्रशिक्षकाने पुढची फळी मजबूत केली खरी, पण दोन सामन्यांनंतर यंगलाच बसवलं. ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी खेळणाऱ्या अँडी डाल्टनचा अंगठा मोटार अपघातात दुखावला, म्हणून यंग परत उतरला. या वेळी तो बरा खेळला.