मॅप मोठा नको, जरा खोटा ठरूदे

ओपन वर्ल्ड गेमचा, म्हणजे जिथं वाटेल तिथं मोकळं भटकता येतं अशा गेमचा, पुढचा भाग येणार म्हटलं की बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न एकच, मॅप केवढा मोठा आहे रे? मला वाटतंय प्रश्नच चुकतोय. 1996 चा डॅगरफॉल हा गेम बघा की, मॅप दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे अख्ख्या कर्नाटकापेक्षा थोडाच लहान, पण बहुतेक सगळा कॉम्प्युटरनं आपोआप पाडलेला, चार गावं बघितली की पुढची सगळी बघितल्यासारखीच. त्याच मालिकेतला मॉरोविंड 2002 ला आला, हजारो पटीनं लहान पण हातानं घडवलेला, आणि लोक अजून त्याचं नाव काढतात.

आता डोक्यात काय होतंय ते. मेंदूचे शास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना 1971 साली उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस म्हणतात त्या भागात, अशा पेशी सापडल्या की उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशीच जागी होते, यासाठी पुढं 2014 ला त्यांना नोबेलही मिळालं. माणसाचंही तसंच, आणि हे कळलं तेही गेममुळंच! 2003 च्या एका अभ्यासात फिट्सचे पेशंट कॉम्प्युटरवर टॅक्सी फिरवायचा गेम खेळत होते, उपचारासाठी त्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड आधीच बसवलेले, त्यात या पेशी दिसल्या. म्हणजे पहिल्या भागात तासन् तास भटकताना तुमच्या डोक्यात नकाशा खरोखरच बसतोय.

दुसरी गोष्ट डोपामिनची, म्हणजे मेंदूतल्या बक्षिसाशी जोडलेल्या रसायनाची. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांना ज्यूस देऊन बघितलं, अचानक ज्यूस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळतात, पण दिवा लागला की ज्यूस येतो हे माकडाला एकदा कळलं की ज्यूसला त्या गप्पच. म्हणजे त्या उसळायच्या तर अंदाज चुकला पाहिजे, तोही चांगल्या बाजूनं. खडे बाजारातनं रोज डोळे मिटून जाणारा माणूस रस्ता खोदलेला दिसला की कसा खाडकन जागा होतो, तसंच, फक्त गेममध्ये शिव्या येत नाहीत.

2023 चा झेल्डा मालिकेतला टिअर्स ऑफ द किंगडम हा गेम हेच करतोय. हायरूल हे गेममधलं राज्य तेच, 2017 च्या भागातलंच, पण त्याच्याखाली डेप्थ्स नावाचं अंधारं भुयारी जग आहे. तिथं चाचपडताना हळूहळू लक्षात येतंय की वर डोंगर तिथं खाली दरी, वर नदी तिथं खाली भिंत, आणि वर जिथं श्राइन, म्हणजे कोडी सोडवायचं छोटं देऊळ, बरोब्बर त्याच्याखाली उजेड देणारं मूळ. कुणी सांगत नाही, आपलं आपल्यालाच कळतंय, आणि मग जुना नकाशा उलटा धरून नवीन जागा शोधायची!

पण हे गणित उलटंही फिरतंय. नियम कळला की पुढचं प्रत्येक मूळ ठरल्या जागीच सापडणार, ज्यूस येणार हे माहीतच, त्यामुळं नंतर नंतर डेप्थ्समध्ये फिरायचा कंटाळा येतोय. माझ्या मते डेप्थ्स निम्मंच ठेवलं असतं तरी चाललं असतं.