४० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी : लावताना आणि सांभाळताना

हे पत्रक आमच्या दुकानातल्या ४५ × ३० × ३० सेंमी टाकीसाठी आहे. खडक आणि वाळू घातल्यावर तिच्यात प्रत्यक्ष पाणी ३२ लिटरच्या आसपास मावतं. खालचे सगळे हिशेब त्यावरच केले आहेत. भरलेल्या टाकीचं वजन पन्नास किलोच्या पुढे जातं, त्यामुळे टीव्हीच्या पोकळ युनिटवर ती ठेवू नका. उन्हाच्या खिडकीशीही नको.

पाणी आणि मीठ

नळाचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही. घरच्या आरओचं पाणीही तपासल्याशिवाय वापरू नका. पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, आणि ‘कॉपर’वाल्या मशीनमध्ये तांबं मुद्दाम सोडलेलं असतं. अगदी थोड्या तांब्यानेही गोगलगाय, कोळंबी आणि प्रवाळ मरतात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य दाखवेल असं आरओ-डीआय पाणीच घ्या, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेलं पाणी. किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी भरून आणू नका : शहराजवळ त्यात सांडपाणी असतं, पावसाळ्यात खारटपणाही उतरतो.

५ लिटर पाण्याला साधारण १८० ते १९० ग्रॅम रीफ सॉल्ट (प्रवाळांच्या टाकीसाठीचं तयार मीठ) लागतं. बादलीत आधी पाणी, मग फिरत्या पंपासमोर थोडं थोडं मीठ. उलट केलंत, म्हणजे मिठावर पाणी ओतलंत, तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. काही तासांनी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग, दिसलं पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवा.

पहिले सहा आठवडे

तळाला २ ते ३ सेंमी अ‍ॅरागोनाइट वाळू, वर ४ किलो कोरडा खडक. खडक काचेवर टेकवून मग वाळू पसरा, नाहीतर वाळू उकरणारा मासा तो ढासळवतो. समुद्रातून काढलेला ‘जिवंत’ खडक आम्ही विकत नाही. कठीण प्रवाळ, सी फॅन, समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे. कुणी ‘स्वस्तात देतो’ म्हणालं तरी घेऊ नका.

माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत आधी वाढवावे लागतात; यालाच ‘सायकल’ म्हणतात. कोरड्या खडकावर हे जिवाणू नसतात, म्हणून वेळ लागतो. बाटलीतले जिवाणू घाला, अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत २ भाग) न्या आणि दिवा बंद ठेवा. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य असेल, तर टाकी तयार झाली. याला बहुधा चार ते सहा आठवडे जातात. मासा सोडून सायकल करायची जुनी पद्धत आम्ही सुचवत नाही. नंतर वाळूवर तपकिरी थर येतो. ते डायटम असतात, काही आठवड्यांत आपोआप जातात. त्यावर औषध घालू नका.

रोजची भर : सगळ्यात जास्त चुका इथेच

वाफ होते ती पाण्याची. मीठ टाकीतच राहतं. पंखा लावलेल्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला एक लिटरही उडू शकतं. तीन दिवस दुर्लक्ष झालं की ३२ चे २९ लिटर राहतात आणि ३५ चा खारटपणा ३८.६ होतो. प्रवाळ मिटतात, कोळंबी कात टाकताना मरते. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज त्या रेघेपर्यंत साधं आरओ-डीआय पाणी घाला. भर घालताना खारं पाणी कधीही वापरू नका. दर लिटरमागे एक पीपीटीहून जास्त खारटपणा वाढतो. बाहेरगावी जात असाल तर ऑटो टॉप-अप (पातळी उतरली की आपोआप पाणी घालणारं यंत्र) लावूनच जा.

तापमान २५ ते २७ अंश हवं. आपल्याकडे हीटरपेक्षा उन्हाळ्याचीच काळजी जास्त. पृष्ठभागावर वारा सोडणारा छोटा पंखा पाणी दोन-तीन अंश उतरवतो, पण कोरड्या हवेत. विदर्भात मे महिन्यात तो छान चालतो; कोकणात, मुंबईत दमट हवेमुळे वाफच कमी होते, तिथे एसीची खोली किंवा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतो. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान दिवसभर वरखाली होतं, ते वाईटच.

वीज गेली की आधी प्राणवायू संपतो. पॉवरहेड (टाकीतलं पाणी फिरवणारा पंप) घरच्या इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीचा एअर पंप ठेवा, आणि वीज येईपर्यंत खाणं देऊ नका.

काय ठेवावं

टाकीत वाढवलेल्या क्लाऊनफिशची एक छोटी जोडी, नाहीतर एक क्लाऊन आणि एक छोटा गोबी. बस्स. टँग, डॅमसेल हे मासे या टाकीत नकोत. जाळीचं झाकण कायम ठेवा, मासे उडी मारतात. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

प्रवाळांत मशरूम आणि झोअँथिड या कठीण सांगाडा नसलेल्या, मऊ प्रकारांपासून सुरुवात करा. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापा. ते चिकटलेला खडक उकळू नका, ती वाफ जिवावर बेतू शकते.

आठवड्याला ४ लिटर पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि खारटपणाचं हवं. बदलण्याआधी हीटर बंद करा : पाण्याबाहेर राहिलं की हीटरची तापलेली काच तडकते. माशाला पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध वेगळ्या टाकीतच द्या.

पाणी दुकानात मोफत तपासून मिळेल. साबण न लागलेल्या बाटलीत काठोकाठ भरून, त्याच दिवशी आणा. रात्रभर राहिलेल्या पाण्यात अमोनियाचा आकडा खरा येत नाही.