साबण होणार की डिझेल?

दिवाळी उलटून दोन-तीन आठवडे झाले की आमच्या ठाण्यातल्या चरईच्या सोसायटीत प्लंबर येतो. तळमजल्यावरचं चेंबर उघडतो, आत पट्टी ढोसतो आणि पांढुरके, मेणचट गोळे घमेल्यात काढून ठेवतो. चकल्या-करंज्या तळून उरलेलं तेल सिंकमध्ये ओतलं, त्याचा हा अवतार. पण ते नुसतं थिजलेलं तेल नसतं. तेलातली सुटी आम्लं पाण्यातल्या आणि सिमेंटमधल्या कॅल्शियमशी जुळतात आणि साबण तयार होतो, तोही पाण्यात न विरघळणारा.

याच तेलाचं डिझेल होतं, हे सांगणारा व्हिडिओ सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी टाकतं. बाटलीत तेल, त्यात काहीतरी ओतलं, हलवलं, झालं इंधन. व्हिडिओ खोटा नसतो, अर्धा असतो.

तेलावर इंजिन चालतं ही कल्पना मुळात जुनी. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर, म्हणजे आपल्या गोडेतेलावर, चालवून दाखवलं होतं. खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनीच पुढे 1912 मध्ये तसं सांगितलं. मग आपण तेल थेट टाकीत का ओतत नाही? कारण घट्टपणा. खाद्यतेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं. इंजेक्टरमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, ते नीट जळत नाही आणि आत काजळी धरते.

तेलाचा रेणू म्हणजे एका आखूड काठीला बांधलेल्या तीन लांब दोऱ्या समजा. काठी ग्लिसरीनची, दोऱ्या मेदाम्लांच्या. मिथेनॉल नावाचं अल्कोहोल आणि थोडा कॉस्टिक सोडा घातला की गाठी सुटतात, प्रत्येक दोरीच्या टोकाला मिथेनॉलचा एक छोटा तुकडा लागतो आणि काठी मोकळी होऊन तळाशी जाते. मोकळ्या दोऱ्या म्हणजेच बायोडिझेल. हिशोब सुटसुटीत आहे: 100 किलो तेलाला सुमारे 11 किलो मिथेनॉल, आणि हाती येतं साधारण 100 किलो बायोडिझेल नि 10-11 किलो ग्लिसरीन. प्रत्यक्षात मिथेनॉल जवळपास दुप्पट घेतात, नाहीतर काही गाठी तशाच राहतात. साठेक अंशांवर तासभर ढवळायचं, मग रात्रभर स्थिर ठेवायचं. सकाळी वर सोनेरी थर, खाली काकवीसारखं काळपट ग्लिसरीन.

हे ताज्या तेलाचं झालं. तळणीचं तेल वेगळं वागतं. बटाटेवडा 180 अंशांच्या तेलात पडला की जे बुडबुडे उठतात ती वड्यातल्या पाण्याची वाफ असते. हे पाणी तेलाच्या गाठी स्वतःच तोडत राहतं आणि सुटी मेदाम्लं तेलात साचतात. कॉस्टिक सोडा दिसला की ती आम्लं आधी त्याच्याकडे धावतात आणि साबण होतो. म्हणजे बाटलीत दोन कामं एकाच वेळी चालू: एक डिझेलचं, एक साबणाचं. कोणतं जिंकणार, हे तेलात किती आम्ल आणि किती पाणी आहे त्यावर ठरतं. व्हिडिओत नेमकं हेच नसतं.

हे आधी मोजता येतं, आणि इथे आपली हळद कामाला येते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लिटरभर शुद्ध पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवायचा. 1 मिलीलिटर तेल 10 मिलीलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळायचं, चिमूटभर हळद टाकायची आणि सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. लाल रंग टिकला की थांबायचं. जितके मिलीलिटर लागले तितके ग्रॅम सोडा तेलाच्या लिटरमागे जास्तीचा, ताज्या तेलाला लागणाऱ्या साडेतीन ग्रॅमवर. (प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलीन वापरतात. ते अचूक, पण हळदीची गंमत त्याला नाही.)

मी दोन नमुने तपासले. एका वडापावच्या गाडीवरचं काळं तेल पाच मिलीलिटरवर लाल झालं, म्हणजे सोडा साडेआठ ग्रॅम. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं चकलीचं तेल एक मिलीलिटरवरच. पहिल्या तेलात साबण इतका होणार की तयार बायोडिझेल पाण्याने धुताना सगळं ताकासारखं पांढरं होऊन बसेल आणि थर वेगळेच होणार नाहीत. काकूंचं तेल मात्र फर्स्ट क्लास.

मी तिथेच थांबलो. पुढची पायरी मिथेनॉलची, आणि फ्लॅटमध्ये ती कोणी करू नये. मिथेनॉल 65 अंशांना उकळतं, म्हणजे आपण ज्या तापमानाला ढवळणार त्याच्या जेमतेम वर. त्याची वाफ सहज पेटते आणि ज्योत दिवसा दिसतही नाही. पोटात गेलं तर शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि आधी डोळ्यांची नस जाते. 2015 साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती याच मिथेनॉलमुळे. शेजारी गॅसची शेगडी, खाली मुलं खेळताहेत, आणि वर आपण हा घाट घालायचा? नको.

शिवाय केलं तरी भरणार कशात? पेट्रोलच्या स्कूटरला किंवा सीएनजीच्या गाडीला ते चालत नाही, डिझेल इंजिनच हवं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप ते फुगवतं, टाकीतला जुना गाळ सुटा करून फिल्टर तुंबवतं. पामतेलाचं बायोडिझेल 13-15 अंशांच्या आसपास गढूळ व्हायला लागतं. ठाण्यात ते क्वचितच नडेल, नाशकात जानेवारीत नडेल. जमेची बाजू मोठी आहे: गंधक जवळपास नाही, धुरात काजळी कमी. त्यातला कार्बनही बहुतेक झाडांनी हवेतून घेतलेला. बहुतेक अशासाठी, की नमुनेदार रेणूतल्या 19 कार्बन अणूंपैकी एक मिथेनॉलकडून येतो, आणि मिथेनॉल बहुधा नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनतं.

म्हणून हे काम कारखान्याचं. आपल्याकडे त्याची चौकटही आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचणारे खराब, ‘ध्रुवीय’ घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तळणीला वापरायचं नाही, हा नियम जुलै 2018 पासून लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘रुको’ ही मोहीम सुरू केली. 2018 च्याच जैवइंधन धोरणाने 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं.

आपल्या वाट्याला येतं ते एवढंच: झाकण असलेल्या कोरड्या कॅनमध्ये तेल जमवायचं. पाण्याचा थेंब नको, चकलीचा चुरा गाळून घ्यायचा. ऐंशी घरांनी दिवाळीनंतर लिटर-लिटर दिलं तरी ऐंशी लिटर जमतं. सोसायटीचा जनरेटर अर्ध्या भारावर तासाला दहा-बारा लिटर पितो असं धरलं, तर सात-आठ तासांची लिफ्ट आणि पंप.

हा हिशोब घेऊन मी काकूंकडे कॅन मागायला गेलो. चांगलं तेल त्यांच्याचकडे होतं ना. त्यांनी कढईवरचं झाकण उचलून दाखवलं.

“हे कशाला देऊ? एकदाच तर तळलंय. महिनाभर फोडणीला पुरेल.”