‘रँडमली’ म्हणजे ‘कसंही’ नव्हे

‘नावं रँडमली निवडली’ म्हटलं की हाताला लागतील ती उचलली, असाच अर्थ घेतला जातो. गप्पांमध्ये ते खपून जातं, संख्याशास्त्रात नाही. तिथे रँडमली निवडायचं तर प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता आधी ठरलेली असावी लागते. त्यासाठी पूर्ण यादी, क्रमांक, यादृच्छिक (म्हणजेच रँडम) संख्यांचा तक्ता असा चांगलाच खटाटोप करावा लागतो. बिनयोजनेच्या उचलाउचलीला इंग्रजीत वेगळं क्रियाविशेषण आहे: हॅपहॅझर्डली. चौकात भेटेल त्याच्यापुढे माइक धरणं हे त्यातलंच, मग चॅनेलवाले त्याला काहीही म्हणोत.

हा फरक अमेरिकेत तरुणांच्या आयुष्याशी खेळला. व्हिएतनाम युद्धासाठी कोणाला आधी बोलवायचं हे ठरवायला १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत निघाली. ३६६ तारखांच्या कुप्या महिन्यामहिन्याने भरल्या गेल्या आणि नीट ढवळल्याच गेल्या नाहीत. शेवटी आलेल्या महिन्यांच्या तारखा भराभर बाहेर पडल्या. भरती सोडतीत १९५ व्या क्रमांकाला निघालेल्या तारखेपर्यंत झाली. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी फक्त ५ त्यापलीकडे होत्या. कोणी लबाडी केली नव्हती. डोळे मिटून हात घातला की झालं रँडम, एवढाच समज नडला.

पुढच्या वर्षी संख्याशास्त्रज्ञांची मदत घेतली गेली. यादृच्छिक तक्त्यांनुसार क्रम लावून तारखा एका पिंपात आणि क्रमांक दुसऱ्या पिंपात भरले गेले.