‘कजोल’ या इंग्रजी क्रियापदाची पार्श्वभूमी

‘कजोल’ या इंग्रजी क्रियापदासाठी मराठीत ‘मनधरणी करणे’ हा प्रतिशब्द सर्रास वापरला जातो. पण रुसलेल्याची मनधरणी निर्मळ मनानेही करता येते, ‘कजोल’मध्ये मात्र बहुधा काहीतरी साधून घ्यायचे असते. समोरचा राजी नसताना स्तुती, लाडीगोडी आणि पोकळ आश्वासने यांच्या जोरावर त्याला वळवणे, हा या क्रियापदाचा गाभा आहे.

हा शब्द सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार तो कावळ्याच्या कुळातील ‘जे’ या बडबड्या पक्ष्याच्या कलकलाटावरून आला, तर दुसऱ्या मतानुसार त्याच्या घडणीत पिंजऱ्यात कोंडण्याच्या, भुलवून आत ओढण्याच्या जुन्या फ्रेंच क्रियापदाचाही वाटा आहे. (कर्नाटकाचा राज्यपक्षी असलेल्या नीलकंठाला इंग्रज ‘ब्लू जे’ म्हणत, परंतु तो त्या कुळातला नव्हे.) सतत गोड बोलणे आणि सापळ्यात घेणे या दोन्ही छटा आजच्या अर्थात दिसतात, हे मात्र खरे.

अर्थाने त्याच्या जवळच्या ‘कोक्स’ या इंग्रजी क्रियापदाची वाटचाल उलट दिशेने झाली. सोळाव्या शतकात भोळसट माणसाला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या एका शब्दापासून तो निघाला आणि आरंभी त्याचा अर्थ ‘मूर्ख बनवणे’ असा होता. पुढे तो इतका सौम्य झाला की बुजलेल्या जनावराला चुचकारण्यासाठी किंवा विझू पाहणारी चूल फुलवण्यासाठीही तो चालतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी माणसाच्या कानावर कन्नडही असते, विशेषतः १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यापासून. मराठीतील ‘फुसलावणे’ आणि कन्नडमधील ‘पुसलायिसु’ ही क्रियापदे ध्वनीने आणि अर्थाने इतकी जवळ आहेत की येथील विद्यार्थ्याला ‘कजोल’चा भाव समजावण्यासाठी दोन्ही भाषांचा आधार मिळतो. तरीही वृत्तपत्रांतील ‘फूस लावून पळवून नेले’ या ठरीव वाक्यामुळे मराठी शब्दाला गुन्ह्याचा वास चिकटला आहे. म्हणून घरगुती प्रसंगी ‘गोड बोलून गळी उतरवणे’ किंवा ‘लाडीगोडी लावणे’ हेच अधिक योग्य वाटते.

वापरात खरी अडचण येते ती शब्दयोजनेची. निपाणीच्या एखाद्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याची वाहवा करून त्याला तंबाखू कमी भावात द्यायला लावला, तर इंग्रजीत ‘कजोल’नंतर शेतकरी आणि मग ‘इन्टू’ येते. नातवाने आजीकडून जत्रेसाठी पैसे उकळले, तर आधी पैसे, मग ‘आउट ऑफ’ आणि शेवटी आजी. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘द्यायला’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आजीकडून’ एवढ्याने भागते. त्यामुळे मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणारा पहिल्या वाक्यात ‘इन्टू’ऐवजी ‘टू’ लिहून मोकळा होतो आणि दुसऱ्यात ‘फ्रॉम’ घालतो.