पुण्यात शिकायला आलेली पोरं आणि त्यांची पुस्तकं

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणायची पद्धत आहे. माहेरी जेवणाचे पैसे पडत नाहीत. इथे मात्र बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोरांची पहिली विवंचना पोटाचीच असे, आणि आजही आहे. पूर्वी वार लावावे लागत, म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी जेवायला जावं लागे; आता मेसचे पैसे भरावे लागतात. अशा ओढगस्तीत शिकणाऱ्या मुलांना साहित्यात आपलं आयुष्य कसं सापडतं, यावर शिक्षकमंडळींत अधूनमधून चर्चा होते. मुलांना जवळची वाटतील अशी पुस्तकं द्या, असा तिचा एकूण सूर असतो. सूर बरोबर आहे. पण पुण्याचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट उलट्या टोकाने सुरू झालेली दिसते. द्यायला पुस्तकच नव्हतं. ज्यांना ते सापडलं नाही त्यांच्यातल्याच काहींनी ते लिहिलं, आणि मग पुढच्या पिढीच्या हाती ते आयतं पडलं.

सुरुवात १८५५ पासून करावी लागते. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या पत्रात दोन हप्त्यांत एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेली १४ वर्षांची मांग समाजातली मुलगी. विषय होता मांग-महारांचं दुःख. तेव्हा शाळांतून चालणारी मराठी पुस्तकं म्हणजे ‘बाळमित्र’, ‘इसापनीती’ असला परक्या भाषांतून उतरवलेला बोध. त्यात मुक्ताच्या वस्तीतलं काही असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून असेल, पण तिचा निबंध कुठल्याही पुस्तकाच्या वळणाने जात नाही. वेद ही ब्राह्मणांचीच मत्ता असेल तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू करून खेळत, हे ती लिहिते. (गुलटेकडी आज आपल्याला मार्केट यार्डामुळे माहीत, तिथे कांदा-बटाट्याचा भाव विचारताना हा निबंध कुणाला आठवत नाही.) आणि मग ती बाळंतिणींकडे वळते. घरावर धड छप्पर नाही, थंडी-वारा-पाऊस अंगावर, अशा स्थितीत आमच्या बायका बाळंत होतात, त्यांना काय होत असेल? हा प्रश्न एखाद्या सुधारकाला सुचता ना. तो सुचायला ती झोपडी आतून पाहिलेली असावी लागते.

शाळेतल्या मुलीने आपलं जगणं कागदावर आणण्याचं मराठीतलं हे फार जुनं आणि फार धीट उदाहरण. मात्र पुढे कित्येक वर्षं ते वाचणाऱ्यांच्या नजरेआडच राहिलं. मुक्तासारख्या दुसऱ्या मुलीला ते लगेच सापडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करण्यात आता अर्थ नाही.

त्याच शतकात पुण्यात दुसऱ्या एका गरिबीचं साहित्य तयार होत होतं, आणि ते मात्र वाचलं गेलं. माधुकरी आणि वारावरचं जेवण यांचं. आठवड्याचे सात वार, सात घरं. सोमवारी एका वाड्यात, मंगळवारी दुसऱ्या. एखादं बिऱ्हाड गावाला गेलं की तो वार कोरडा. यजमानीणबाईंचा स्वभाव पाहून भात किती मागायचा ते ठरवायचं. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर डेक्कन कॉलेजात शिकत होते तेव्हा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालत, असं सांगतात. मुलाला आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ मी लोकांसाठी घालवणार, असं त्यांनी आईला कळवलं होतं. धोंडो केशव कर्वे सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून भर पावसात पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. १९१५ च्या ‘आत्मवृत्ता’त त्यांनी हे सांगितलंय तेही कोरडेपणाने, हिशेब लिहावा तसं.

या कहाण्यांनी मराठी घरांतल्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या धीर दिला, यात शंका नाही. पण एक गोष्ट त्यातून निसटते. वार फक्त ब्राह्मण मुलाला लागायचा. सोवळ्याच्या पंगतीत दुसऱ्या कुणाला पाट मिळणार नव्हता. शेतकऱ्याच्या किंवा महाराच्या पोराला ही गरिबीसुद्धा उपलब्ध नव्हती. त्याला वसतिगृहाशिवाय वाट नव्हती, आणि ती वसतिगृहं कोल्हापुरात शाहू महाराजांना, पुण्यात विठ्ठल रामजी शिंद्यांच्या अस्पृश्यांसाठीच्या मिशनला मुद्दाम उभी करावी लागली. म्हणून माधुकरीच्या आठवणी वाचून ज्याच्या डोळ्यांत पाणी येई तो वाचक बहुधा एकाच आळीतला असे.

बायकांचं थोडं वेगळं झालं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. यमूची गोष्ट यमूच्याच तोंडून, केशवपनापर्यंत. लिहिणारा पुरुष, तरी घरातल्या माजघराची भाषा त्याने उचललेली. त्याच १८९० मध्ये पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. म्हणजे एकीकडे यमू छापली जात होती आणि दुसरीकडे तिच्यासारख्याच विधवा मुली पाटीवर अक्षरं गिरवत होत्या. शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झालेल्या. त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिलं. त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाचं काम करता करता ‘माझी कहाणी’ लिहून गेल्या. यमूला स्वतः काही लिहायचं बाकी राहिलं होतं, ते या दोघींनी पुरं केलं असं मला वाटतं. फरक एवढाच की यमू मरते. या दोघी जगतात, भांडतात, वर्गणी गोळा करत फिरतात.

साने गुरुजींचं नाव या विषयात टाळताच येत नाही. औंधला शिकत असताना प्लेगामुळे शाळा सुटली, मग पुण्यात येऊन नूतन मराठी विद्यालयातून १९१८ मध्ये मॅट्रिक. हा काळ त्यांनी किती हालात काढला ते त्यांनी पुढे श्यामच्या तोंडून सांगितलंय. ‘श्यामची आई’ लिहिली नाशिकच्या तुरुंगात, १९३३ मध्ये. पुढे जी संस्था हे पुस्तक छापत राहिली ती पाहण्यासारखी आहे. पुण्यातलं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह. १९०९ मध्ये गरीब मुलांच्या शिक्षणासाठी सुरू झालेलं. अर्धपोटी शिकलेल्या मुलाचं पुस्तक अर्धपोटी शिकणाऱ्या मुलांच्या संस्थेतून निघत राहिलं. श्याम रडका आहे, असं म्हणायची आता फॅशन आहे. म्हणोत बापडे. फी नाही म्हणून वर्गाबाहेर उभं राहिलेल्या पोराला श्याम रडका वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर पुण्यात येणारा विद्यार्थीच बदलला. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसीची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची, फीसवलत आली. घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी मुलं सातारा, सोलापूर, नगर, खानदेशातून येऊ लागली. १९६३ मध्ये पुण्याच्याच देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी काढली. तिचा पांडुरंग सांगवीकर काही गरीब नाही, घरून पैसे येतात, तो ते उधळतोही. पण होस्टेल, मेस, पुणेरी बोलण्यापुढे होणारा गावाकडच्या पोराचा बावळटपणा हे सगळं पहिल्यांदा छापील दिसलं. पैशाची अडचण नसूनही माणूस शहरात किती एकटा पडतो, हे खेड्यातून आलेल्या पोरांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

खरा बांध फुटला तो सत्तरीच्या शेवटी, दलित आणि भटक्या घरांतल्या पोरांनी आपलीच कहाणी लिहायला घेतली तेव्हा. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८, प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९, लक्ष्मण मान्यांचा ‘उपरा’ १९८०. ‘उपरा’ला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा माने जेमतेम तिशी ओलांडलेले होते. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणत फिरणाऱ्या कैकाडी घरातलं शाळेत गेलेलं पोर ते. फलटणच्या बेबीताई कांबळ्यांची गोष्ट तर वेगळीच. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. माल बांधायला रद्दी यायची, तिचे कागद त्या वाचत. मग लिहायला लागल्या. लिहिलेलं नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून वर्षानुवर्षं लपवून ठेवलेलं. ते ‘जिणं आमुचं’ पुण्याच्या ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. मुक्ता साळवेच्या बाळंतिणी इथे पुन्हा भेटतात, सव्वाशे-दीडशे वर्षांनी, आणि त्यांचे हाल फारसे कमी झालेले नसतात.

ही पुस्तकं पुढे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात गेली, आणि तिथे एक अडचण उभी राहिली. तिच्याबद्दल कमी बोललं जातं. मराठीचे प्राध्यापक असलेले एक मित्र सांगतात, ‘उपरा’ शिकवताना वर्गात जातीचं नाव मोठ्याने वाचलं की दोन-तीन माना खाली जातात आणि बाकीचे त्या मानांकडे बघतात. ज्याच्यासाठी पुस्तक लावलं तोच त्या तासाला उघडा पडतो. मित्राने मग वर्गात वाचून दाखवणं बंद केलं. घरी वाचून या म्हणतात. एकदा असंच मान खाली घालून बसलेला मुलगा तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात आला आणि विचारता झाला, “सर, यांचा फोन नंबर मिळंल का?” त्याला लेखकाशी काय बोलायचं होतं ते त्याने सांगितलं नाही, सरांनीही विचारलं नाही. पुस्तकात आपलं दुःख दिसलं की बरंच वाटतं असं धरून चालणाऱ्यांनी हा वर्ग डोळ्यांपुढे ठेवावा. एकट्याने वाचताना जे बळ देतं तेच चारचौघांत लाज आणू शकतं.

दुसरं म्हणजे ओळख पटते ती दर वेळी नायकाशीच असं नाही. आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ ची. कागलचे यादव पुढे पुणे विद्यापीठात मराठी शिकवत. शाळेला जायचं म्हणून पोरगा बापाशी झगडतो ती ही कथा. शेतकऱ्यांच्या घरातून आलेली मुलं तिच्याबद्दल बोलतात तेव्हा त्या पोराबद्दल थोडं आणि बापाबद्दल जास्त बोलतात. आमचं म्हातारं असंच. मोटेवर नसलं तरी ट्रॅक्टरच्या हप्त्यावर असंच. ज्याचा राग राग केला तो माणूस पुस्तकात भेटला की त्याच्या बाजूनेही थोडा विचार करावा लागतो, आणि हे काम शिक्षकाच्या प्रवचनाने होत नाही. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत ‘झोंबी’ची एक प्रत मी चाळली होती. बाप वह्या-पुस्तकांवरून आरडाओरडा करतो त्या पानांच्या समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं होतं: ‘खरं आहे पण कर्ज होतं.’

आताचं चित्र सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत दिसतं. कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा दोघांत खायचा, सकाळी सातला अभ्यासिकेची खुर्ची धरायची. २०२१ च्या मार्चमध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली तेव्हा हीच पोरं रस्त्यावर उतरली होती. ती वाचतात का, असं विचारलं तर उत्तर साहजिकच ‘सिलॅबसमधलं’ असं येतं. बरं, सिलॅबसमध्ये काय आहे ते तरी पाहू. यूपीएससीला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, दोन पेपर, ५०० गुण. त्यातल्या नेमलेल्या पुस्तकांत बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आहे आणि सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ आहे. आईबापाविना बहिणीच्या दारी वाढलेला, भाकरतुकड्यासाठी राबत शिकलेला मुलगा, आणि त्याच्यावर ‘चर्चा करा’ म्हणून गुणांचा प्रश्न. बरेच जण नोट्सवर भागवतात. वेळ नसतो, दोष कसा द्यायचा. काही मात्र मूळ पुस्तक हातात घेतात आणि दोन दिवस वेळापत्रक बिघडवून बसतात.

त्याच यादीत जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ही आहे, पुण्यातच लिहिलेला. १८८३ मध्ये तो ‘दीनबंधु’ या पत्रात छापायला घेतला, दोन प्रकरणं आली आणि पुढची थांबवली गेली. फुल्यांच्या हयातीत सबंध पुस्तक निघालंच नाही. आज कर्जबाजारी शेतकऱ्यांची पोरं सरकारी अधिकारी होण्यासाठी त्याच्यावर उत्तरं लिहितात. असूड ओढलाय तो सरकारी अंमलदारांवर आणि त्यांच्या कचेऱ्यांवर, हे नोट्समध्ये असतं. आपण कोणत्या बाजूला चाललोय, हा प्रश्न मात्र पेपरात अजून आलेला नाही.